बारोलोचा रंग इतका फिका असताना तिला भारदस्त का म्हणतात?

पहिला घोट

सप्रेम नमस्कार.

गेली तीन-चार वर्षे मी निरनिराळ्या प्रदेशांतील रेड वाइन समजून घेण्याचा प्रयत्न करीत आहे. इटलीच्या वायव्येकडील पिएमोन्ते प्रांतातली बारोलो ही त्या देशातील सर्वांत भारदस्त वाइनांपैकी एक आहे, असे वारंवार वाचल्यामुळे ती जांभळट-काळी, दाट आणि अपारदर्शक असणार, असे मी गृहीत धरले होते. मागच्या महिन्यात २०१९ च्या हंगामाची एक बाटली उघडली, तेव्हा पेल्यात दिसला तो गोमेदाकडे झुकणारा फिकट लाल रंग. पेल्यामागे धरलेला कागद सहज वाचता आला असता. पेला तिरका केल्यावर कडेला विटकरी झाकही दिसली आणि बाटली खराब निघाली की काय, अशी शंका मनात आली. परंतु पहिल्याच घोटाने जीभ आणि हिरड्या अशा काही आवळल्या गेल्या, की त्या रंगाचा आणि या तुरटपणाचा मेळ मला अजूनही घालता आलेला नाही.

बाटलीवर बारोलोच्या जोडीने सेर्रालुंगा द'आल्बा या गावाचे नाव होते. विक्रेत्याचे म्हणणे असे पडले, की ला मोर्रा गावची बारोलो घेतली असती तर ती मला अधिक सौम्य वाटली असती. एकाच नावाच्या वाइनमध्ये, काही किलोमीटरवरचे गाव बदलल्याने एवढा फरक खरोखरच पडतो का? आणि मी ही बाटली उघडण्यात घाई केली का? त्याच वाइनची दुसरी बाटली माझ्याकडे शिल्लक असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता निकडीचा आहे.

साल आणि बी

आपली बाटली खराब नव्हती. आपण वर्णन केलेला रंग हा तरुण बारोलोचा अगदी नेहमीचा रंग आहे.

बारोलोमध्ये नेब्बिओलो हे एकच द्राक्ष वापरता येते, दुसऱ्या कोणत्याही द्राक्षाचा एक थेंबही नियमाला चालत नाही. रेड वाइनचा रंग सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांपासून येतो. गडद वाइन देणाऱ्या बहुतेक द्राक्षांत त्यांपैकी माल्व्हिडिन गटातील रंगद्रव्ये अधिक असतात आणि ती बरीच टिकाऊ असतात. नेब्बिओलोच्या सालीत मात्र सायनिडिन आणि पिओनिडिन या गटांतील रंगद्रव्यांचा वाटा मोठा असतो. हवेशी संबंध येताच ही रंगद्रव्ये लवकर ऑक्सिडाइज होतात, त्यामुळे रस आंबत असतानाच रंगाचा काही भाग निघून जातो, उरलेला पिंपात मुरताना विटकरी होऊ लागतो. थोडक्यात, हा रंग द्राक्षाच्या जन्मजात स्वभावातून आलेला आहे. त्यात ना निष्काळजीपणा आहे, ना वार्धक्य.

आता भारदस्तपणाकडे वळू. वाइनचे अंग म्हणजे तोंडात जाणवणारे तिचे वजन आणि भरीवपणा. रंगद्रव्यांचा त्या वजनाशी फारसा संबंध नसतो. ते येते मद्यार्कातून, सालीतून आणि बियांतून उतरलेल्या टॅनिन या तुरट द्रव्यांमधून आणि रसात विरघळलेल्या इतर घटकांतून. बारोलोसाठी किमान १३ टक्के मद्यार्क बंधनकारक आहे, पण अलीकडच्या उष्ण हंगामांत १४ ते १५ टक्के ही नेहमीची गोष्ट झाली आहे. टॅनिनच्या बाबतीत तर नेब्बिओलोची बरोबरी करणारी द्राक्षे फार थोडी आहेत. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि हिरड्यांना कोरड पडल्यासारखे वाटते. आपल्याला जाणवलेले आवळणे ते हेच. त्यातच या द्राक्षाची आम्लता पूर्ण पिकल्यावरही चढी राहते, आणि आम्लतेमुळे तुरटपणा अधिक टोकदार भासतो. डोळ्यांना हलकी वाटणारी ही वाइन जिभेला इतकी जड का लागते, याचे उत्तर या तीन गोष्टींच्या एकत्र येण्यात आहे.

नेब्बिओलोचा उल्लेख तोरिनो (ट्युरिन) शहराजवळच्या रिवोली येथील १२६६ च्या कागदपत्रांत आढळतो, म्हणजे त्याची ओळख साडेसातशे वर्षांहून जुनी आहे. इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणजे धुके. कोणी म्हणतात, कापणीच्या काळात बारोलो जेथे पिकते त्या लांगे टेकड्यांच्या दऱ्या धुक्याने भरून जातात म्हणून हे नाव पडले. कोणी म्हणतात, पिकलेल्या मण्यांवर धुक्यासारखी पांढुरकी भुकटी दिसते म्हणून. मला स्वतःला पहिला अर्थ अधिक पटतो, कारण या वेलीचे सारे दुखणे हवामानाशीच निगडित आहे. तिला अंकुर फुटतात लवकर आणि फळ पिकते सर्वांत उशिरा, त्यामुळे वसंतातील कडाक्याची थंडी आणि शरदातील पाऊस या दोन्हींची टांगती तलवार तिच्यावर असते. शिवाय काडीच्या बुडाकडील पहिल्या दोन-तीन डोळ्यांना बहुधा घड लागत नाहीत, म्हणून छाटणी करताना लांब काडी राखावी लागते. अशा वेलीला उत्तम ऊन हवे. हिवाळ्यात ज्या उतारावरचे बर्फ सर्वांत आधी वितळते तेथे नेब्बिओलो लावावे, असा तिथला जुना ठोकताळा आहे. आजचे नियमही त्याच वळणाचे आहेत: उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बारोलोची लागवड करता येत नाही, बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंचीच्या पट्ट्यातच असावी लागते आणि हेक्टरी ८ टनांपेक्षा अधिक द्राक्षे घेता येत नाहीत.

मातीवाचक

गावांविषयीच्या आपल्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण माझ्या मते बारोलोचे खरे वैभव तिच्या भूगोलात आहे.

आल्बा हे तानारो नदीकाठचे शहर. त्याच्या नैऋत्येला पसरलेल्या टेकड्यांमधील अकरा गावांच्या हद्दीत बारोलो तयार होते. त्यांपैकी बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा द'आल्बा आणि मोनफोर्ते द'आल्बा ही पाच गावे प्रमुख असून बहुतांश उत्पादन त्यांचेच आहे. वेर्दूनो, नोवेल्लो, ग्रिंत्साने कावूर, दियानो द'आल्बा, केरास्को आणि रोद्दी ही उरलेली सहा.

हा सारा प्रदेश एकेकाळी समुद्राचा तळ होता. आज ज्या मातीत वेली उभ्या आहेत, तो त्या तळावर साचलेला आणि पुढे वर उचलला गेलेला गाळ आहे. आल्बाकडून बारोलोकडे जाणारा रस्ता ज्या खोऱ्यातून जातो, त्याच्या पश्चिमेला, म्हणजे ला मोर्रा आणि बारोलो गावांकडे, भूशास्त्रज्ञ ज्याला तोर्तोनियन म्हणतात त्या काळातील निळसर-करडी, चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. ती तुलनेने सुपीक आहे आणि पाणी धरून ठेवते. तेथील वाइन लवकर खुलते, तिचा सुगंध आधी पुढे येतो आणि टॅनिन मऊ असतात. पूर्वेला, सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेच्या बाजूला, त्याहून जुने, सेर्राव्हालियन काळातील थर आहेत. त्यांत चुनखडीयुक्त माती आणि वालुकाश्म यांचे पट्टे एकाआड एक येतात, जमीन हलक्या पोताची आणि निकस आहे, वेलीला कष्ट पडतात. तेथील वाइन पहिली अनेक वर्षे मूठ आवळून बसल्यासारखी वागते. कास्तिल्योने फाल्लेत्तो या दोहोंच्या मधल्या कण्यावर वसलेले असल्यामुळे तेथे दोन्हींचे गुण एकत्र भेटतात.

आपल्याला मिळालेली बाटली सेर्रालुंगाची, म्हणजे पाचही गावांतील बहुधा सर्वांत कठोर स्वभावाची होती. त्यामुळे विक्रेत्याने आपल्याला दिलेला सल्ला चुकीचा नव्हता.

गावाच्याही खाली उतरले, की एकेका उताराचे नाव येते. पूर्वी ही नावे तोंडी परंपरेने चालत असत. बारोलोचे उत्पादक रेनातो रात्ती यांनी १९७० च्या दशकात उत्तम बागांचा नकाशा तयार केला आणि त्याच विचाराची परिणती म्हणून २०१० च्या हंगामापासून १८१ अधिकृत नावे लेबलवर वापरण्यास मान्यता मिळाली. त्यांतील ११ नावे गावांची आणि १७० विशिष्ट परिसरांची आहेत. कान्नूबी, ब्रुनाते, चेरेक्वियो, रोक्के देल्लानुन्त्सियाता, विन्या रियोंदा ही त्यांतील काही नामांकित नावे. एकाच द्राक्षाच्या, एकाच हंगामाच्या, एकाच उत्पादकाच्या दोन उतारांवरील वाइन शेजारी-शेजारी ठेवून चाखण्याची संधी आयुष्यात एकदा तरी घ्यावी, असे मी मनापासून सुचवतो. जमीन चवीतून बोलते, हे विधान अतिशयोक्त आहे असे मीही समजत होतो, ते अशा एका संध्याकाळपर्यंतच.

जुने पिंप

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरीही 'मातीवाचक' यांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते. पूर्व-पश्चिम ही विभागणी समजायला सोपी आहे, पण ती फार विश्वासाने वापरू नये. मोनफोर्तेच्या हद्दीतील बुस्सिया हे एकच नाव सुमारे ३०० हेक्टरांवर पसरलेले आहे. एवढ्या क्षेत्रात माती, उंची आणि उताराची दिशा कितीतरी वेळा बदलते, त्यामुळे लेबलवरील 'बुस्सिया' हा शब्द आपल्याला उताराविषयी फार थोडे सांगतो. आणि दोन शेजारी बागांची माती तंतोतंत सारखी असली, तरी तळघरातील माणसाचा निर्णय त्यांच्या वाइनमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर पाडू शकतो. बारोलोचा अलीकडचा इतिहास याच निर्णयांवरून झालेल्या भांडणाचा आहे.

आज आपण जिला बारोलो म्हणतो ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, दीर्घकाळ टिकणारी वाइन एकोणिसाव्या शतकात घडली. रूढ कथेनुसार त्याआधी येथील वाइन गोडसर असे, कारण उशिरा कापलेल्या द्राक्षांचा रस थंडी पडल्यामुळे पूर्ण आंबत नसे. बारोलोच्या मार्केझा (सरदार घराण्यातील स्त्रीची पदवी) जूलिया फाल्लेत्ती, ग्रिंत्सानेचे महापौरपद सांभाळणारे आणि पुढे इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार ठरलेले कामिल्लो कावूर आणि फ्रेंच वाइनव्यापारी लुई उदार यांना या बदलाचे श्रेय दिले जाते. अलीकडच्या काही अभ्यासकांनी मात्र उदार यांचे श्रेय कमी करून, कावूर यांच्या मळ्यावर १८३० च्या दशकात काम केलेल्या पाओलो फ्रान्चेस्को स्ताल्येनो यांच्याकडे ते सोपवले आहे. मला हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पुढे सावोय राजघराण्याने या वाइनला आश्रय दिला आणि 'राजांची वाइन, वाइनांचा राजा' हे बिरुद तिला कायमचे चिकटले.

त्या बिरुदामुळे एक गैरसमज होतो. लांगेचा शेतकरी राजाश्रयाने श्रीमंत झाला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, तो आपली द्राक्षे बाजारात व्यापारी देईल त्या भावाला विकत असे. या टेकड्यांतील तरुण तोरिनोच्या मोटार कारखान्यांकडे आणि आल्बातील चॉकलेटच्या कारखान्याकडे निघून गेले, ते काही हौसेने नव्हे. १९६६ मध्ये बारोलोला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, १९८० मध्ये त्याहून वरचा, हमीसह असलेला दर्जा मिळाला, आणि तरीही तिला परदेशी ग्राहक शोधावा लागत होता.

या परिस्थितीत १९८० च्या दशकात एलिओ आल्तारे यांच्यासारखे तरुण उत्पादक फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाकडे पाहून परतले आणि त्यांनी सारेच प्रश्नांकित केले. जुन्या पद्धतीत साली आणि रस महिना-दीड महिना, कधी त्याहूनही अधिक काळ एकत्र ठेवत आणि नंतर वाइन काही हजार लिटरच्या प्रचंड लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत. ही पिंपे बहुधा स्लाव्होनियन ओकची, म्हणजे क्रोएशियातील स्लाव्होनिया भागातील लाकडाची असत. स्लोव्हेनियाशी त्यांची गल्लत नेहमी होते. नव्या पिढीने सालींचा सहवास काही दिवसांवर आणला, फिरत्या टाक्या वापरल्या आणि २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओक पिंपांत, ज्यांना बारिक म्हणतात, वाइन मुरवायला सुरुवात केली. तिचा रंग अधिक गडद झाला, तुरटपणा लवकर मऊ झाला आणि वासात व्हॅनिला व भाजलेल्या लाकडाची छटा आली. १९८३ मध्ये आल्तारे यांनी वडिलांच्या तळघरातील जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली, आणि वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांनी मोठ्या पिंपांची बाजू अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांनी स्वतः रंगवलेल्या एका लेबलवर 'बारिक नको, बेर्लुस्कोनी नको' असे लिहिले होते (बेर्लुस्कोनी हे इटलीचे राजकारणी), ते आजही संग्राहक जपून ठेवतात.

माझी सहानुभूती जुन्या पद्धतीकडे आहे आणि ती मी लपवत नाही, कारण नव्या ओकचा वास नेब्बिओलोच्या मुळातील गुलाबाच्या आणि डांबराच्या वासाला झाकून टाकतो. परंतु नव्या पिढीने तळघरांत स्वच्छता आणली, वेलीवरील घड कमी करून उरलेले नीट पिकवण्याची शिस्त आणली आणि द्राक्षे विकणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने बाटली भरण्याचे धैर्य दिले, हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. १९८६ मध्ये याच प्रांतात मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनमुळे वीसहून अधिक माणसे दगावली होती. त्या घटनेनंतर उत्पादकाचे नाव आणि त्याची सचोटी यांना जे मोल आले, त्याचा पाया नव्या-जुन्या दोघांनीही घातला. आज बहुतेक तळघरांत मधला मार्ग दिसतो, आणि मोठी पिंपे पुन्हा परतली आहेत.

पहिला घोट

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. एक गोष्ट पहिल्या वेळी लिहायची राहून गेली. त्या रात्री निम्मी बाटली उरली होती. ती बूच लावून थंड जागी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली चाखली, तेव्हा तुरटपणा होताच, पण त्याच्या मागून सुकलेल्या गुलाबपाकळ्यांसारखा आणि थोडा ज्येष्ठमधासारखा वास स्पष्टपणे आला. हा माझ्या कल्पनेचा खेळ होता, की यावरून दुसऱ्या बाटलीविषयी काही ठरवता येईल?

साल आणि बी

कल्पनेचा खेळ मुळीच नव्हता. चोवीस तासांत बाटलीतील हवेने वाइनला थोडे उलगडले. टॅनिन एवढ्या वेळात फारसे बदलत नाहीत, परंतु बंद बाटलीत दबून राहिलेले गंध मोकळे होतात आणि तुरटपणाला सोबत मिळते. उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी जी वाइन अधिक चांगली लागते, तिच्यात अजून बरीच वर्षे टिकण्याचे बळ आहे, असा अनुभवी लोकांचा अंदाज असतो. आपली बाटली त्या कसोटीला उतरली आहे.

नियमानुसार बारोलो कापणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडात. 'रिझेर्वा' लिहायचे असेल तर एकूण ६२ महिने लागतात. म्हणजे आपली २०१९ ची वाइन २०२३ च्या जानेवारीपासून विक्रीस पात्र झाली. विक्रीस पात्र होणे आणि पिण्यास तयार होणे यांत मात्र मोठे अंतर आहे. बाटलीतील काळात टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जाऊन मोठे होत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि तोंडातील खरखर हळूहळू मखमली होते. सेर्रालुंगाच्या, चांगल्या हंगामातील बारोलोला कापणीपासून दहा वर्षे देणे हा मी किमान हिशेब मानतो. पंधरा दिली तर अधिक चांगले.

मातीवाचक

सहमत आहे. फक्त बाटली आडवी, अंधारात आणि स्थिर तापमानात राहील, याची खात्री असेल तरच थांबावे. उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात दहा वर्षे ठेवण्यापेक्षा ती आजच दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून, १६ ते १८ अंश सेल्सियसला प्यालेली बरी.

आणि 'जुने पिंप' यांची बुस्सियाविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे. गावांची विभागणी मी पहिली पायरी म्हणून दिली होती, ते तेव्हाच स्पष्ट करायला हवे होते.

जुने पिंप

थांबण्याच्या काळात नेब्बिओलोची ओळख वाढवायची असेल, तर 'लांगे नेब्बिओलो' या नावाने मिळणारी वाइन पाहावी. अनेक बारोलो उत्पादक आपल्या तरुण वेलींची किंवा कमी प्रतीच्या उतारांची द्राक्षे तिच्यासाठी वापरतात. तिला एवढा दीर्घकाळ मुरवण्याचे बंधन नाही, त्यामुळे तोच गुलाब तिच्यात लवकर भेटतो. आल्बाच्या ईशान्येला पिकणारी बार्बारेस्को ही याच द्राक्षाची दुसरी थोर वाइन. तिच्यासाठी २६ महिने पुरतात आणि ती साधारणपणे बारोलोच्या आधी तयार होते.

पहिला घोट

घरात तळघर नाही, परंतु वर्षभर एकसारखे तापमान राखणाऱ्या एका साठवणगृहात जागा मिळते आहे. दुसरी बाटली तेथे ठेवतो आणि तिच्या गळ्यात २०३१ असे लिहिलेली चिठ्ठी अडकवतो. ला मोर्राची एक बाटली मात्र त्याआधी उघडेन, आणि दोन दिवसांत विभागून चाखल्यावर दोन्ही संध्याकाळींची नोंद येथेच लिहीन.